उष्ट्या तेलावरची जीप

आमच्या घरावरून जाणाऱ्या माणसाला अवेळी भूक लागते, आणि त्याचं कारण आमच्या अंगणात उभं असतं. ती एक जुनी जीप आहे. तिचा मूळ रंग कोणता होता हे आता खात्रीने सांगता येत नाही, आणि तिच्या धुराला आलूबोंड्याचा वास येतो. गाडी डिझेलची, पण गेली दोन-तीन वर्षं ती हॉटेलात तळून उरलेल्या तेलावर चालते. चालते असं माझा नवरा म्हणतो. माझ्या मते ती थोडी चालते, मग थांबून विचार करते, मग पुन्हा चालते.

माझ्या नवऱ्याला पांढुर्ण्यात सगळे मास्तर म्हणतात, म्हणून मीही इथे तेच म्हणते. खरं तर आमच्या दोघांत शाळेची मास्तरीण मी. मी मराठी प्राथमिक शाळेत पोरांच्या वेलांट्या सरळ केल्या, आणि ते आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा वर्ग घेत. सगळी नोकरी त्यांनी फळ्यावर खडूने इंजिन काढण्यात घालवली. इंजिन इतकं सुरेख काढत की पोरं पुसायला तयार नसत. घरातला पंखा बिघडला की मात्र आम्हाला बाजारातून माणूस बोलवावा लागे. निवृत्तीनंतर लोक देवळात जायला लागतात, काही जण बायकोच्या भाजीत मीठ किती हे पाहायला लागतात. मास्तरांनी एका संत्र्याच्या व्यापाऱ्याकडून त्याने टाकून दिलेली जीप आणली. तेव्हापासून त्यांचे हात काळे आहेत आणि माझे टॉवेलही.

ही जीप आली ती माझ्या आईमुळे.

आई रामाकोन्याला धाकट्या भावाजवळ राहते. ऐंशी ओलांडली आहे. गुडघे कुरकुरतात, जीभ शाबूत आहे. आम्ही पांढुर्ण्यात घर बांधलं तेव्हा वास्तूला ती आली नाही. त्यानंतरच्या दिवाळीला आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. कारण एकच.

"डिझलचा वास आला का माह्या पोटात ढवळते बाई. सौंसर येईपर्यंत ओकारी होते."

पेट्रोलची गाडी भाड्याने करून पाठवते म्हटलं, तर म्हणाली, वास तोच. खिडकीजवळ बस म्हटलं, तर म्हणाली, खिडकीतूनच तर येते. लिंबू हुंग, आलं चघळ, गोळी घे, सगळं सांगून झालं. चार वर्षं हेच चाललं होतं. आमच्या गल्लीतल्या प्रत्येकीची आई येऊन घर पाहून, त्यात एखादी खोड काढून गेली होती. माझ्या घरात खोड काढायला माझी आई आली नव्हती. रामाकोना काही काशी नव्हे, सौंसरवरून दोन तासांचा रस्ता. वरवर मी तिची थट्टा करायची, पण आत मला राग होता. तिला यायचंच नाही, लेकीचं घर तिला परकंच वाटतं, असं मी मनात पक्कं करून टाकलं होतं. तिने माझ्या स्वयंपाकघरात बसून एकदा तरी "अवं, एवढं मीठ?" असं म्हणावं, एवढंच मला हवं होतं. आणि तिचं वय पाहता फार वर्षं हातात नव्हती, हेही मला दिसत होतं.

एका दसऱ्याला रामाकोन्यात हे बोलणं मास्तरांसमोर निघालं. समोर म्हणजे कसं, तेही सांगायला हवं. आमच्याकडे सासू जावयाशी थेट बोलत नाही. जावई आला की आईच्या डोक्यावर पदर येतो आणि ती भिंतीकडे तोंड करते. जे सांगायचं ते मला सांगते. मी ते चार हातांवर बसलेल्या मास्तरांना सांगते, त्यांनी ते आधीच ऐकलेलं असतं. मग ते मला उत्तर देतात, जे आईने ऐकलेलं असतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, दोघांमधली डाक मीच वाटते आहे.

"सांग त्याइले," मास्तर मला म्हणाले, "डिझलचा वास नाही अशी गाडी आणतो."

"डिझलचा वास नाही अशी गाडी आणतात," मी आईला म्हटलं.

"आणा म्हणाव," आई भिंतीला म्हणाली. डिझेलवर चालून डिझेलचा वास नसलेली गाडी या जन्मी काही येत नाही, अशी तिची खात्री असावी.

तिने मास्तरांना ओळखलं नव्हतं. पाचव्या दिवशी ते म्हणाले, "डिझलचं इंजिन तेलावरही चालते. गोड्या तेलावर." मी म्हटलं, गोड्या तेलाचा भाव माहीत आहे का, भाजीत चमचाभर जास्त पडलं तर तुम्हीच डोळे वटारता. ते म्हणाले, नवं नाही, तळून उरलेलं. आणि मग त्यांनी मला समजावलं. नंतर इतक्यांदा समजावलं की परीक्षेत आलं तर मला पैकीच्या पैकी मिळतील. गाडीला दोन टाक्या हव्यात. लहानीत डिझेल, मोठीत हे तेल. सुरू करताना डिझेल द्यायचं. इंजिन तापलं की कळ फिरवून तेल द्यायचं. बंद करण्याआधी पुन्हा डिझेल, म्हणजे नळ्यांत तेल गोठून बसत नाही. इंजिनातल्या गरम पाण्याची नळी तेलाच्या टाकीतून फिरवायची, कारण तेल पातळ झाल्याशिवाय इंजिन ते गिळत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फिल्टर. तेलात कचरा राहिला की फिल्टर चोक होतो आणि गाडी जागच्या जागी बसते.

हे सगळं जमलं. जमेना ते तेल मागणं.

मास्तर बसस्टँडजवळच्या हॉटेलात गेले, जिथे ते कित्येक वर्षं आलूबोंडा खात आले होते, आणि सरळ विचारलं, "जळकं तेल आहे का तुमच्याजवळ?"

हॉटेलवाल्याने झारा खाली ठेवला. "मास्तर, आमच्या इथं रोज नवं तेल असते. जळकं तेल हाय म्हणून कोणी सांगितलं तुमाले? नाव सांगा त्याचं."

त्या दिवशी तेल नाही मिळालं, आणि चहाही कोमट मिळाला. दुसऱ्या एका दुकानदाराने उलट मोठ्या मनाने हो म्हटलं, मागच्या गॅरेजात गेला आणि डांबरासारखं काळं काहीतरी डब्यात घेऊन आला. ट्रॅक्टरच्या इंजिनातून काढलेलं ऑइल. आमच्याकडे जळकं तेल म्हणजे तेही. उधई म्हणजे वाळवी लागू नये म्हणून ते चौकटींना फासतात, बैलबंडीच्या आखाला लावतात. आणि कढईत पुन्हापुन्हा तापून काळं पडलेलं तेही जळकं तेलच. दोन तेलं, एक शब्द. इतकी वर्षं कोणाचं अडलं नव्हतं, कारण ही दोन्ही तेलं एका गाडीत घालायचं कोणाच्या मनात आलं नव्हतं.

संध्याकाळी मास्तर पडेल चेहऱ्याने बसले होते, तेव्हा मी चिडवायला म्हटलं, "जळकं कशाला म्हणता? उष्टं म्हणा. गावाने जेवून टाकलेलं ते तुमची गाडी पिणार."

मी गंमत केली होती. त्यांनी ती दुसऱ्या दिवशी बाजारात वापरली. आणि काय सांगू, त्या शब्दाला कोणी हरकत घेईना. "उष्टं ना?" तोच हॉटेलवाला म्हणाला. "उष्टं तं सगळ्याइकडेच असते. घेऊन जा." तेव्हापासून आमच्या घरी उष्टं तेल हा शब्द रुजू झाला.

मग लग्नसराई आली. पुऱ्या तळणाऱ्या आचाऱ्यांशी मास्तरांची दोस्ती झाली. लोक लग्नाला आहेर घेऊन जातात, आम्ही आहेर आणि दोन रिकामे डबे घेऊन जायला लागलो. नवरीच्या बापाला नमस्कार करून मास्तर जे मांडवाच्या मागे जात ते शेवटच्या पंगतीनंतरच दिसत. सावरगावात एका लग्नात मला एका बाईने हळूच विचारलं, मास्तर रिटायर झाल्यावर केटरिंगमध्ये लागले का. मी हो म्हणून टाकलं. खरं सांगायला फार वेळ लागला असता.

गच्चीवर निळ्या ड्रमांत तेल उन्हात ठेवायचं, गाळ खाली बसू द्यायचा, मग कपड्यातून गाळायचं. कपडा सुती हवा आणि धुऊन धुऊन विरलेला हवा. असा कपडा माझ्या साड्यांतच होता. एक साडी मी स्वतः दिली. दुसरी त्यांनी न विचारता घेतली, ती नेमकी आईने मला पहिल्या बाळंतपणात दिलेली. मी तीन दिवस बोलले नाही. चौथ्या दिवशी ते म्हणाले, त्या साडीतून तेल सगळ्यात स्वच्छ गाळून येते.

गाडी पहिल्यांदा त्या तेलावर गल्लीतून गेली तेव्हा मागे कुत्री लागली. पुरीच्या तेलाचा धूर बरा होता, आलूबोंड्याचा तर चांगलाच, पण एकदा मिरचीच्या भज्यांचं तेल पडलं आणि मागचा मोटरसायकलवाला खोकत खोकत उतरून बाजूला उभा राहिला. मास्तरांना मात्र डिझेलचा वास येत नाही एवढंच ऐकायचं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून ते विचारत, "डिझलचा वास येऊन राहिला का?" लोक म्हणत, नाही, आणि पुढे हॉटेलकडे वळत.

पुढच्या दसऱ्याला आम्ही जीप घेऊन रामाकोन्याला गेलो. आईने पदराआडून गाडीकडे पाहिलं, बॉनेटवरचं हळदीकुंकू पाहिलं, आणि मला विचारलं, "काय पाजता इले?"

मी बेसावध होते. बोलून गेले, "उष्टं तेल."

"अवं, दसऱ्याले पूजा करता, नारळ फोडता, अन् उष्टं पाजता? विचार बाई त्याइले, असं चालते का."

मास्तर चार हातांवरच होते. जरा विचार करून म्हणाले, "सांग त्याइले, उष्टं नाही म्हणाव. जळकं तेल हाय. अग्नीतून निघालेल्याले विटाळ नसते."

हे आईला पटलं. आणि त्या दिवसापासून पांढुर्ण्यात उष्टं असलेलं तेल रामाकोन्यात जळकं झालं. भाऊ तिथेच बसला होता, त्यानेही ऐकलं. पुढे जे झालं ते या एका शब्दाने झालं.

आईजवळ आता सबब उरली नव्हती. गाडीजवळ जाऊन तिने हुंगलंही, डिझेलचा वास नव्हता. जावई माणूस आपल्यासाठी एवढा खपला, त्याचं मन कसं मोडायचं, असं ती भावाला म्हणाल्याचं मला नंतर कळलं. दिवाळी झाल्यावर येते म्हणाली.

आम्ही तिला न्यायला गेलो तेव्हा रस्त्याच्या कडेला संत्र्यांचे ढीग लागले होते. आई पिशवी भरून तयार होती. सकाळपासून तिने चहा घेतला नव्हता. पाण्याचा घोटही नाही, असं भावजय म्हणाली. ओकारीला घाबरली असेल असं मला वाटलं, आणि तिची थट्टा करायची म्हणून मी म्हटलं, "आई, गाडी भज्यांची आहे, रस्त्यात भूक लागली तर काय करशील?" ती हसली नाही.

मास्तरांना जाण्याआधी गाडीत तेल भरायचं होतं. पण सासरी जावयाला कामाला कोण हात लावू देतो. भाऊ म्हणाला, "भाऊजी, तुमी बसा. आपल्या इकडं जावयानं हात काळे कराचे नसतात." यांचे हात मुळातच काळे होते, तरी ते बसले. आम्ही जेवलो. पुरणपोळी झाली, वर तूप झालं, मास्तरांना डुलकी आली. निघताना भाऊ माझ्या कानाशी येऊन मोठ्या आनंदाने म्हणाला, "ताई, गाडीचंही जेवण झालं. जावयाची गाडी उपाशी कशी पाठवाची?" मला वाटलं, गाडी पुसलीबिसली असेल.

आई आणि मी मागे बसलो. सौंसरपर्यंत गाडी डिझेलवर होती, तेव्हा मास्तर आरशातून मागे पाहत कासावीस होत होते. सौंसर मागे पडल्यावर त्यांनी कळ फिरवली आणि मला म्हणाले, "विचार त्याइले, आता वास गेला का." आईने मान हलवली. तिने समोरचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

थोड्या वेळाने मागून धूर यायला लागला. पांढरा नाही, काळा, आणि त्याला भज्यांचा नाही, गॅरेजचा वास. गाडीने एक आचका दिला, विचार केला, आणि एका संत्र्याच्या बगीच्याजवळ, विहिरीच्या समोर, बसली ती बसलीच. मास्तरांनी उतरून टाकीत बोट घातलं, नाकाशी नेलं, आणि फोन काढला.

"टाकीत काय टाकलं तुमी?"

फोनचा आवाज मोठा होता, भावाचं उत्तर आम्हालाही ऐकू आलं. "जळकं तेल, भाऊजी. तुमीच तं म्हणत होते. ट्रॅक्टरचं कालच काढलं होतं. एकदम नवं जळकं. अन् कपड्यानं गाळून टाकलं बरं."

एकदम नवं जळकं. मला हसू आवरेना. मी आईकडे वळले, तिलाही हसवावं म्हणून, आणि थांबले. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"ओकारी येऊन राहिली का?"

तिने मान हलवली. नाही. "मले खाली उतरव," ती म्हणाली. "लवकर."

मी तिला उतरवलं. बगीच्यात झाडांच्या मागे नेलं. जाताना माझ्या हाताला तिची नखं रुतत होती. मग मला कळलं, आणि तरी नीट कळलं नाही. ती परत आली, विहिरीच्या काठावर टेकली, आणि बाटली मागून घटाघट पाणी प्याली.

"डिझलचं काही नाही बाई," ती म्हणाली. "डिझलचा वास मले कधीच नाही लागला."

मी बाटलीचं झाकण लावून तिच्या शेजारी टेकले.

"मले घडीघडी जा लागते. आलं का थांबत नाही. सौंसरले डोळे दाखवाले गेली होती ना मी, बसनं, तवा बस भरली होती. मी दम धरला. मंग नाही धरवला. बाजूची बाई काही बोलली नाही. उठून उभी राहिली." तिने पदराचं टोक ओलं करून तोंड पुसलं. "ओकारी सांगता येते. हे कसं सांगाचं? तुह्या भावालेही नाही सांगितलं. अन् जावयाच्या गाडीत बसून त्याइले काय म्हणू, थांबवा?"

चार वर्षं. चार वर्षं मी फोनवर तिला टोमणे मारत होते, लिंबू हुंगायला सांगत होते, मनात तिच्यावर रागावून होते. मला स्वतःची लाज वाटली. आणि दुसरीकडे, पन्नास पावलांवर एक माणूस गाडीखाली शिरला होता, ज्याने वर्षभर माझ्या साड्या फाडून, लोकांच्या लग्नांत डबे नेऊन डिझेलचा वास घालवला होता. त्या वासाचा कशाशी काही संबंधच नव्हता. रडावं की हसावं ते कळेना. मी थोडं थोडं दोन्ही केलं.

"जावयाले सांगजो नोको," आई म्हणाली. "त्याइनं भल्ली मेहनत घेतली. अन् मले लाज वाटते."

मी वचन दिलं.

मास्तरांनी काळं तेल डब्यांत काढलं, फिल्टर धुतला, पुसला, पुन्हा बसवला. तासाच्या वर गेला. आई आणखी एकदा झाडांमागे जाऊन आली आणि तिच्या चेहऱ्यावर रंग आला. गाडी निघाली ती पांढुर्ण्यापर्यंत निव्वळ डिझेलवर. मास्तरांच्या जिवाचं पाणी झालं होतं.

"सांग त्याइले, आज डिझलचा वास सहन करा लागन."

"चालते म्हणाव," आई म्हणाली.

तिला ओकारी झाली नाही. उलटीच्या भीतीने मी मांडीवर धरलेली पिशवी तशीच घडी केलेली राहिली. घरी पोचल्यावर आईने तीन पोळ्या आणि वर कढी खाल्ली. मास्तर समोर जेवत होते, तिच्या ताटाकडे एकदा पाहिलं, आणि पुन्हा आपल्या ताटात पाहू लागले. मी तेव्हा त्यावर काही विचार केला नाही.

आई आठ दिवस राहिली. ओटा उंच आहे म्हणाली. तुळस चुकीच्या बाजूला आहे म्हणाली. वरणात मीठ जास्त आहे, हेही म्हणाली, दोनदा. घरातच संडास असणं तिला जन्मभर मंजूर नव्हतं, पण झोपायच्या खोलीला लागून असलेला आमचा संडास पाहून म्हणाली, "हे मात्र चांगलं केलं." मी इतकी सुखात होते की शेजारणींना बोलावून तिने काढलेल्या खोडी सांगत होते.

त्यानंतर आई येत राहिली. मला काळजी होती की रस्त्यात थांबायचं कसं. मी मनात कारणं तयार ठेवली होती: मला फोन करायचा आहे, संत्री घ्यायची आहेत. एकही वापरावं लागलं नाही. कारण गाडी आपणच थांबायला लागली. रामाकोन्याहून निघालं की अर्ध्या तासाने एकदा, सौंसरच्या पुढे एकदा, आणि मग त्या विहिरीजवळ. मास्तर म्हणत, "फिल्टर चोक झाला. थंडीत तेल घट्ट होते." मग बॉनेट वर करत आणि त्यामागे उभे राहत. आम्ही दोघी पाय मोकळे करायला उतरत असू. गाडीत पाण्याची एक भरलेली कॅन आणि एक बुटका स्टूलही आला होता. फिल्टर साफ करायला लागते म्हणाले.

मी त्यांना सोडते होय. मी म्हटलं, बंडीने गेलो असतो तर आधी पोचलो असतो. मी म्हटलं, नागपूरला जाताना ही गाडी एकदाही थांबत नाही, माझ्या माहेरच्या रस्त्यावरच हिला काय होतं.

"त्या रस्त्याले धूळ हाय," मास्तर म्हणाले. एरवी ते इंजिनाबद्दलचा एक शब्द ऐकून घेत नाहीत. त्या दिवशी त्यांनी मला फळ्यावरचं इंजिनही समजावलं नाही.

या हिवाळ्यात आईला आणत होतो. विहिरीजवळ गाडी थांबली. बॉनेट वर गेलं. आई झाडांमागे गेली आणि मी पाण्याची कॅन विसरले म्हणून धावत परत आले. कॅन पुढच्या बाजूला ठेवली होती, म्हणून मी बॉनेटला वळसा घालून गेले.

मास्तर रस्त्याकडे तोंड करून, बगीच्याकडे पाठ करून उभे होते आणि संत्रं सोलत होते. पान्यांची पिशवी गाठ मारलेली, तशीच पायाशी होती. फिल्टरचं झाकण जागच्या जागी होतं, त्यावरची धूळही हललेली नव्हती.

"चोक झाला?" मी विचारलं.

"भल्ला कचरा आला," ते म्हणाले, माझ्याकडे न पाहता.

गेल्या कित्येक दिवसांत त्या गाडीजवळ मी त्यांचे हात असे पाहिले नव्हते. अगदी स्वच्छ होते. नखांतसुद्धा काही नाही, फक्त संत्र्याचा रस.

मी कॅन उचलली. त्यांनी अर्धं संत्रं माझ्या हातावर ठेवलं, आणि मी आईकडे गेले.

आम्ही दोघी येऊन बसल्यावर त्यांनी बॉनेट खाली केलं. आईने डोक्यावरचा पदर सारखा केला, तोंड खिडकीकडे वळवलं, आणि मला म्हणाली, "विचार बाई त्याइले, झाला का फिल्टर साफ."

"झाला का, विचारते," मी म्हटलं.

"झाला म्हणाव," मास्तर म्हणाले. "त्याइचं झालं असन तं निघू म्हणाव."